झबल्यासाठी कुत्रा

अकतोश गेला आणि साइराकानची झोप उडाली. म्हातारा कुत्रा, निम्मे दात पडलेले, एका डोळ्याने आंधळा. शेवटच्या वर्षात तर तो लांडग्यावर कमी आणि स्वतःच्या सावलीवर जास्त भुंकायचा. पण भुंकायचा तरी. त्या भुंकण्याच्या भरवशावर साइराकान इतकी वर्षं डोळे मिटत आली होती. आता दरीत नुसता ओढ्याचा आवाज, आणि त्या आवाजात कुठे एखादा दगड घसरला तरी ती उठून बसायची.

घाबरायला कारणंही कमी नव्हती. मुलगा एर्मेक रशियात बांधकामावर. नवरा ओरमोन वसंतात घोड्यावरून पडला, कंबरेचं हाड मोडलं, आणि काठीशिवाय त्याला अंगण ओलांडता येईना. तोंडाचा पट्टा तेवढा शाबूत होता. घरात सून बेगायिम, तिच्या कुशीत महिन्याचीही न झालेली तुर्सुनाय, आणि घरामागच्या दगडी वाड्यात मेंढ्या. त्या मेंढ्यांवरच सगळ्यांचं पोट. गाव खाली लांब राहिलं. शरद सरत आला होता, आणि शेजारच्या खोऱ्यात लांडगे उतरल्याची बातमी मिठाईसारखी दारोदार फिरत होती.

तुर्सुनाय म्हणजे राहो, टिको. हे नाव आजीनेच ठेवलं होतं. आदल्या वर्षीचं बाळ, मुलगा, चाळीस दिवस पुरे होण्याआधीच गेला. थंडीने गेला, तापाने गेला, नजरेने गेला, ज्याला जे सुचलं ते तो बोलला. साइराकानने त्याचं पहिलं झबलं घडी घालून पेटीच्या तळाशी ठेवलं, कारण ते द्यायचं तिथे पोचलंच नव्हतं.

आमच्याकडे बाळाचं पहिलं झबलं कुत्र्याचं असतं. घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाच्या सदऱ्यातून ते शिवायचं, चाळीस दिवस बाळाला घालायचं, आणि चाळिसाव्या दिवशी त्यात बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, आणि गोळ्या बांधून कुत्र्याच्या गळ्यात अडकवायचं. पोरं आरडाओरडा करत मागे धावतात, खाऊ लुटतात. बाळाची रोगराई, दचकणं, रडारड सगळं कुत्रा घेऊन जातो. कुत्र्याचं त्यात काही बिघडत नाही, त्याला असल्या गोष्टी पचतात. पण त्यासाठी घरात कुत्रा असावा लागतो. आणि साइराकानच्या दारात नुसती अकतोशची साखळी पडली होती.

"तायगान आणू," ओरमोन चहाचा वाडगा फुंकत म्हणाला. "माझ्या बापाचा तायगान कसला शिकारी कुत्रा होता! ही एवढीशी कंबर, हे लांब तोंड. कोल्हा दिसला की सुटलाच. चार खोऱ्यांतून लोक बघायला यायचे."

"त्याच्या मागे घोडा फेकायला तुमचे वडील होते. तुमच्या तायगानच्या मागे कोण धावणार, मी? आणि लांडगा आला की तो काय करेल, पळण्याची शर्यत लावेल?"

"मग तुला हवाय तरी कसला?"

साइराकानने हे रोज रात्री मनात घोळवलं होतं, त्यामुळे ती थांबलीच नाही. "लांडग्याला अडवणारा. परक्यावर भुंकणारा, पण पाहुण्याच्या पायाचा लचका न तोडणारा. मेंढी व्यायली तर तिच्यापासून चार हात लांब राहणारा. पोरीच्या रडण्याने न बिथरणारा. ती रांगायला लागून त्याचे कान ओढेल तेव्हा सोसणारा. कोणीही हाक मारली म्हणून शेपूट हलवत न जाणारा. आणि खाणं बेताचं."

"म्हातारे, तुला कुत्रा नकोय, जावई हवाय."

बेगायिम खुदकन हसली. बाळ झाल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. साइराकानला मात्र हसू आलं नाही. तिला त्या सगळ्या गोष्टी खरोखरच हव्या होत्या, आणि बर्फ पडायच्या आत हव्या होत्या.

तिचा धाकटा भाऊ कासिमाली खालच्या अंगाला मेंढ्या राखायचा आणि त्याच्या कुत्र्यांचं नाव होतं. त्याची कुत्री नुकतीच व्यायली होती. साइराकान गेली तेव्हा त्याने पिल्लं गोठ्यातून उचलली आणि दहिवराने पांढऱ्या पडलेल्या गवतावर ओळीने ठेवली. पिल्लं कुईकुई करायला लागली. आई धावत आली, सगळ्यांना हुंगलं, एका काळ्या ठोकळ्याला मानगुटीला धरून उबेत नेऊन ठेवलं आणि मग बाकीच्यांकडे वळली.

"हा तुझा, एजे," कासिमाली म्हणाला. थोरल्या बहिणीला तो कधी नावाने हाक मारत नसे. "आईने आधी उचलला तो सगळ्यात चांगला. यात चूक होत नाही."

साइराकानने पिल्लू हातात घेतलं. पंजे जड, तोंडाला दुधाचा वास. दोन वर्षांनी ही भिंत होईल, तिला दिसत होतं. पण दोन वर्षांनी. या हिवाळ्यात तो लांडग्याचा एक घास होता, आणि घरात आणखी एक रडणारं तोंड.

"आईने तिच्या घरासाठी निवडलाय," ती म्हणाली. "माझ्या घरासाठी मला आज उभा असलेला हवाय."

"एजे, तू कुत्रा निवडतेयस की खोड काढायला आलीस?" कासिमाली वैतागला. पण बहिणीचा चेहरा पाहून नरमला. थोडा वेळ टोपी पुढेमागे करत राहिला आणि मग म्हणाला, "एक आहे. बेयशेचा मोयनोक."

बेयशेला सगळे ओळखत. खिंडीपलीकडचा मेंढपाळ, उन्हाळ्यात कुरणावरच छातीत कळ येऊन गेला. कळप विकला गेला. त्याची बायको झेयनेप शहरात मुलाच्या पाचव्या मजल्यावरच्या घरी चालली होती, आणि एवढं मोठं जनावर तिथे कुठे ठेवणार? कुत्रा दिराच्या अंगणात साखळीला होता. काळाभोर, गळ्याभोवती पांढरा पट्टा, कान कापलेले. त्याने लांडग्यांशी झुंज घेतलेली होती आणि बेयशेची नातवंडं त्याच्या पाठीवर बसून मोठी झाली होती.

साइराकानला वाटलं, देवाने आपलं बोलणं ऐकलं.

कासिमालीच्या खटारा गाडीतून दोघं गेली तेव्हा झेयनेप शहरात होती, नव्या घरी भांडी लावायला. चार दिवसांनी परत येणार होती. दीर म्हणाला, "तिला कशाला मध्ये घालता? बायकांचं काय, रडत बसेल. न्या खुशाल." आमच्याकडे कुत्र्याला किंमत लावत नाहीत, पण रिकाम्या हातानेही नेत नाहीत. साइराकानने एक चांगला रुमाल आणि लोण्याचा डबा दिराच्या बायकोच्या हातात ठेवला. झेयनेपसाठी थांबावं असं तिच्या मनात आलं होतं. पण झेयनेप नाही म्हणाली तर? या भीतीने ती थांबली नाही. गाडीत कुत्रा तिच्या गुडघ्यांना टेकून बसला होता आणि मागच्या काचेतून बघत होता, पार खिंड ओलांडेपर्यंत.

घरी आल्यावर काळजी कमी होईल असं तिला वाटलं होतं. ती दुप्पट झाली. मोयनोक खाईना. पिठाची पेज घातली, ती थंड होऊन तिच्यावर साय धरली. हाड टाकलं, त्याकडे पाहिलंही नाही. साखळी ताणून खिंडीकडे तोंड करून पडून राहायचा. तुर्सुनाय रडली की मात्र डोकं उचलायचा आणि घशात कसलासा आवाज काढायचा. गुरगुरणं म्हणावं तर तसं नाही, नाही म्हणावं तर छाती होत नाही. बेगायिमने दाराला कडी घालायला सुरुवात केली. बाळाला अंगणात आणणं बंद.

"अपा, तो असा का बघतो?" ती सासूला विचारायची.

"बघणारच. कुत्रा आहे, आंधळा नाही," साइराकान ठणकावून सांगायची, आणि मग स्वतःच खिडकीशी जाऊन उभी राहायची. माणसाने आपल्या हाताने वाघ आणून दारात बांधावा आणि मग सुनेला धीर द्यावा, असं तिचं चाललं होतं.

काही दिवसांनी त्याने थोडं खाल्लं, तेही कोणी बघत नसताना. भुंकला मात्र नाही. ओरमोन म्हणाला, "जावई रुसलाय. आठ दिवस थांब, मग साखळी काढ." पण आठ दिवस थांबायला वेळ कुठे होता? चाळिसावा दिवस उद्यावर आला होता. पुढे ढकलायचा विचार साइराकानच्या मनाला शिवलाही नाही. मागच्या खेपेला तो दिवस उजाडलाच नव्हता, या खेपेला तो हातातून जाऊ द्यायला ती तयार नव्हती.

खालून शेजारणी आल्या, पोरं आली. चाळीस चमचे कोमट पाण्याने बाळाला न्हाऊ घातलं, नवा सदरा घातला. ओरमोनच्या जुन्या पांढऱ्या सदऱ्यातून शिवलेलं पहिलं झबलं साइराकानने हातात घेतलं, त्यात बोरसोक आणि गोळ्या बांधल्या आणि मोयनोकजवळ बसली. तो दगडासारखा उभा राहिला. तिने गाठ मारली. त्याने हूं की चूं केलं नाही.

"बघा कसा गरीब आहे," ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि कुत्र्याने धावायला हवं म्हणून साखळी सोडली.

पोरं ओरडत धावली. मोयनोक अंगणाला एक वळसा घालेल, पोरांना हुलकावणी देईल, खाऊ सांडेल, अशी सगळ्यांची अपेक्षा. त्याने वळसा घातलाच नाही. वाड्याच्या भिंतीवरून उडी मारली, ओढा ओलांडला आणि सरळ खिंडीच्या वाटेला लागला. पोरं ओढ्याशी थांबली. पांढरा ठिपका वर वर जात राहिला आणि मग कड्याआड गेला.

एक शेजारीण पुटपुटली, "मेलेल्या माणसाच्या दारी गेलं की गं झबलं." दुसरीने तिला कोपराने ढोसलं, पण बोललेलं सगळ्यांच्या कानांवर गेलं होतं. बेगायिमने बाळाला छातीशी आवळलं आणि आत निघून गेली.

दिवस कलता कलता तुर्सुनायचं अंग तापलं.

गावच्या दवाखान्यातली नर्स आली. तिने घसा पाहिला, औषधाचे थेंब दिले. न्हाणं झालं, इतके लोक आले, गार वारा लागला असेल, घाबरायचं काही नाही, असं म्हणाली. बेगायिमने मान हलवली, थेंब पाजले, आणि सासूकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर साइराकानने सोसला असता. नजरेत राग नव्हता. सूनबाई नुसती घाबरली होती, आणि आता काय करायचं ते अपानेच सांगावं म्हणून बघत होती.

सकाळी फटफटताच साइराकानने घोड्यावर खोगीर चढवलं. "झबलं आणते," एवढंच म्हणाली.

"आणि कुत्रा?" ओरमोनने विचारलं.

"कुत्र्याचं नाव काढू नका."

वाटभर तिचा जीव टांगणीला लागला होता. झबलं चिखलात पडलं असलं तर? ओढ्यात वाहून गेलं असलं तर? लांडग्यांनी फाडलं असलं तर? खिंडीत वारा एवढा की रुमाल डोक्यावर राहीना, आणि ती प्रत्येक पांढऱ्या दगडाशी घोडा थांबवून वाकून बघत होती. साऱ्या आयुष्यात तिने इतके दगड पाहिले नव्हते. आपण नेमकं कुठे चुकलो, हे ती स्वतःला विचारत होती, आणि उत्तर ठाऊक असल्यासारखं दुसरीकडे मन वळवत होती.

बेयशेच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. मोयनोक उंबऱ्याशी आडवा पडला होता. तिला पाहून त्याने नुसतं डोकं उचललं. दार उघडून झेयनेप बाहेर आली. उंच, कोरड्या चेहऱ्याची बाई. हातावर घडी घातलेलं झबलं.

"हे तुझं," ती म्हणाली. "जमिनीला लागू दिलं नाही मी. गोळ्या त्यानेच खाल्ल्या वाटेत."

साइराकानने दोन्ही हातांनी झबलं घेतलं, छातीशी धरलं. ती तिथेच पायरीवर बसली.

"घोडा घेताना दात बघतेस ना?" झेयनेपचा आवाज चढला. "मेंढी घेताना कास चाचपतेस ना? आणि कुत्रा नेताना घरधनिणीला विचारत नाहीस? मी शहरातून आले तर रिकामी साखळी! दीर म्हणतो, चांगल्या घरी गेला. चांगलं घर! ज्याला भुंकायचं कोणावर आणि गप्प बसायचं कोणासमोर हेच कोणी सांगितलं नाही, तो काय तुझं घर राखणार?"

"तू नाही म्हणशील म्हणून भ्याले," साइराकान म्हणाली. खरं ते एकदाचं तोंडातून बाहेर पडलं. "माझ्या घरी बाळ आहे. आधीचं गेलं. हिलाही काल ताप आलाय. पुरुषमाणूस एक, तोही काठीवर. लांडगे आलेत. तुझा कुत्रा चांगला म्हणून ऐकलं, आणि मी चोरासारखी घेऊन गेले."

झेयनेप आत गेली आणि चहा घेऊन आली. दोघींनी तो उंबऱ्यावर बसून घेतला, कुत्रा मध्ये.

"बेयशेने कितीतरी कुत्रे दिले लोकांना," ती म्हणाली. "एकही परत आला नाही. स्वतः सोबत जायचा. त्या घरच्या भांड्यात त्या घरच्या बाईच्या हातून खायला घालायचा, घरातल्या प्रत्येकाचा हात हुंगवायचा. मग निघायचा. निघणं सगळ्यात कठीण, म्हणायचा." तिने वाडगा उपडा केला. "चल. पोरीला ताप आहे म्हणतेस. उशीर नको."

त्या दिवशी खिंडीतून दोन घोडी परतली आणि मोयनोक झेयनेपच्या घोडीच्या टाचेला लागून चालत राहिला. घरी बाळाचा ताप उतरला होता, पण बेगायिमचा नाही. कुत्र्याला पाहताच ती दारातून मागे सरली.

झेयनेपने कोणाला विचारलं नाही. पेज बेगायिमलाच शिजवायला लावली, भांडं तिच्याच हातात दिलं. "घाल. थरथरू दे हात, त्याला काय त्याचं?" बेगायिमने डोळे मिटून भांडं पुढे केलं. मोयनोकने झेयनेपकडे पाहिलं, झेयनेपने मान हलवली, आणि त्याने भांडं चाटून पुसून स्वच्छ केलं. मग ओरमोनचा हात, मग त्याची काठीसुद्धा. शेवटी झेयनेपने बाळाला स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि दुपट्यातून एक पाय बाहेर काढला. बेगायिमने साइराकानचं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठला. मोयनोकने पाय हुंगला. बराच वेळ हुंगला. मग त्याने त्या पायाशेजारी जमिनीवर हनुवटी टेकली.

"आता सोडा रोखलेला श्वास," ओरमोन म्हणाला. "मीच गुदमरलो."

झेयनेप दोन दिवस राहिली. कुत्र्याला वाड्याची चौफेर भिंत फिरवली. गावाकडच्या वाटेवर कोण येतं जातं ते दाखवलं, जसं नव्या सुनेला दाखवतात. झबलं दोघींनी पुन्हा त्याच्या गळ्यात बांधलं, पोरं नव्हती म्हणून ओरमोनच "हो हो" करून ओरडला, आणि मोयनोकने घराला वळसा घालून ते वाड्याच्या दाराशी आणून टाकलं. साइराकानने कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण केलं.

तिसऱ्या सकाळी झेयनेपने खोगीर आवळलं. मोयनोक उठला आणि घोडीशेजारी जाऊन उभा राहिला.

"राहा," ती म्हणाली. ती निघाली, तो निघाला. तिने घोडी थांबवली. "राहा म्हटलं ना." ती पुढे झाली, तो मागे. ओढ्यापर्यंत असंच गेलं. साइराकान मागून चालत होती, तिला काय करावं कळत नव्हतं.

ओढ्याशी झेयनेप घोडीवरून उतरली. चाबूक हातात घेतला आणि कुत्र्याच्या पाठीवर ओढला.

मोयनोक ओरडला नाही. तो तिच्याकडे बघत राहिला, चुकून लागलं असेल अशा नजरेने. तिने पुन्हा मारला. आणखी एकदा. तो चार पावलं मागे सरकला आणि थांबला. तिने दगड उचलला आणि फेकला, तो त्याच्या पुढ्यात पडला.

साइराकानच्या ओठांवर आलं होतं, राहू दे, ने त्याला, नको मला. तिने ते गिळलं. मागे घर होतं, घरात पोर होतं, पुढे अख्खा हिवाळा होता. ती गप्प राहिली आणि त्या गप्प राहण्याची तिला मरेपर्यंत लाज वाटणार होती, हे तिला तिथेच कळलं.

"हाक मार त्याला," झेयनेप घोडीवर चढत म्हणाली. तोंड पलीकडे. "मला ऐकू येतंय तोवर मार."

साइराकानने तोंड उघडलं.

"मोयनोक!"

हाक अंगणातून आली होती. बेगायिम बाळाला काखेत घेऊन उघड्या दारात आली होती, डोक्यावर रुमालही नव्हता. "मोयनोक, ये! ये इकडे!"

कुत्र्याने घोडीकडे पाहिलं, घराकडे पाहिलं. तुर्सुनाय रडायला लागली. तो वळला आणि चढण चढायला लागला, सावकाश, एका अंगाने लंगडत.

घोडी ओढ्याच्या मध्यावर थांबली होती. झेयनेपने मागे वळून पाहिलं नाही. वर अंगणातून कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं, या घरातलं त्याचं पहिलं, जाणाऱ्या घोडीवरचं. झेयनेपने ते ऐकलं, मान हलवली आणि घोडीला टाच मारली.